टेपने मोजलेली कंबर आणि सैनिकाची बढती: हा निकष न्याय्य आहे का?

चौकस (धागालेखक)
अमेरिकी लष्करात सैनिकाची धावण्याची आणि वजन उचलण्याची गुणांकित चाचणी होते, आणि शिवाय उंची-वजनाचा तक्ताही लावला जात असे. तक्त्यापेक्षा वजन जास्त भरले की टेप लावून चरबीची टक्केवारी काढत. वयानुसार पुरुषांना २० ते २६ आणि स्त्रियांना ३० ते ३६ टक्क्यांची मर्यादा होती. ती ओलांडणाऱ्याची बढती अडत असे, आणि मुदतीत सुधारणा झाली नाही तर नोकरीही जाऊ शकत असे.

माझा आक्षेप असा, की उंची आणि वजन यांच्या गणितात स्नायू आणि चरबी यांत भेदच नाही. १७८ सेंमी उंचीच्या, ९० किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २८.४ येतो; तो पिळदार अंगाचा असो वा सुटलेल्या पोटाचा, आकडा तोच. टेपच्या जुन्या सूत्रात पुरुषांच्या कमरेच्या घेरातून मानेचा घेर वजा होत असे, म्हणजे मान जाड तेवढी चरबी कमी! पोट कमी करण्याऐवजी मानेचे व्यायाम करण्याची युक्ती त्यातूनच निघाली. ज्या मोजमापाला असे चकवता येते, त्यावर कोणाची बढती अवलंबून का असावी?

ठाम
आपण ज्यावर टीका करीत आहात, ते सूत्र लष्कराने २०२३ मध्येच मोडीत काढले. त्याऐवजी बेंबीच्या पातळीवर एकच घेर घेऊन तो वजनाशी जोडू लागले. त्याच वर्षी असेही ठरले, की तेव्हाच्या क्षमता चाचणीत ६०० पैकी किमान ५४० आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० गुण मिळवणाऱ्याची चरबी मोजायचीच नाही. टेपमध्ये नापास झालेल्याला, जिथे सोय असेल तिथे, डेक्सा स्कॅनसारखी (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारी) अचूक तपासणी मागता येते. आपला पिळदार सैनिक यातून सहज सुटतो.

शिवाय क्षमता चाचणी ही एका सकाळची गोष्ट आहे. पंचविशीतला तरुण वाढलेले पोट घेऊनही ती पार करील, परंतु पोटावरच्या चरबीचा मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी असलेला संबंध त्यामुळे पुसला जात नाही. सैन्याला माणूस पुढची पंधरा-वीस वर्षे हवा असतो.

मधली_वाट
स्त्रियांच्या बाबतीत जुने सूत्र अधिकच खटकणारे होते, कारण त्यात नितंबांचा घेरही मिळवला जाई आणि मुळात रुंद असलेल्या हाडांचा भुर्दंड चरबी म्हणून भरावा लागे. प्रसूतीनंतर ३६५ दिवस मोजणीतून सूट मिळते, हे मात्र मला योग्य वाटते. अमेरिकी हवाई दलाने स्वीकारलेला कंबर भागिले उंची हा निकष त्या मानाने सरळ आहे: ०.५५ च्या मर्यादेने १७८ सेंमी उंचीच्या व्यक्तीची कंबर साधारण ९८ सेंमीपर्यंत चालते, १६० सेंमीच्या व्यक्तीची ८८ पर्यंत. मानेची भानगड नाही, वजनाचा तक्ता नाही.

चौकस
@ठाम, ५४० ची सूट हाच माझा मुद्दा आहे. उत्तम कामगिरी करणाऱ्याची कंबर मोजण्याचे कारण नाही, हे लष्कराने स्वतःच मान्य केले. मग ५३५ गुण मिळवणाऱ्याचे शरीर अचानक संशयास्पद कसे होते? मरीन कोअर या अमेरिकेच्या वेगळ्या सैन्यदलातही त्यांच्या चाचण्यांत ३०० पैकी २८५ गुणांना अशीच सूट होती. "जिथे सोय असेल तिथे" हे शब्दही नीट वाचा: दूरच्या तळावर असलेल्याला यंत्र मिळत नाही आणि टेपचाच निकाल त्याच्या माथी बसतो. कंबर जरूर मोजावी, मात्र जास्त भरल्यास सैनिकाला डॉक्टरकडे पाठवावे, बढती रोखू नये. (टेप किंचित तिरपी धरली तरी अर्धा इंच इकडचा तिकडे होतो, हे शिंप्याकडे गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल.)

ठाम
टेप तिरपी धरली जाते, हा मोजणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा दोष आहे, निकषाचा नव्हे. म्हणूनच एकाहून अधिक वेळा मोजून सरासरी काढतात. रेषा कुठेही आखली तरी तिच्या अलीकडे कोणीतरी उभा राहणारच. ५३५ वाल्याचे दुःख ५२० वर रेषा आणली तर ५१५ वाल्याच्या वाट्याला येईल. केवळ डॉक्टरकडे पाठवण्याचा उपाय मला पटत नाही, कारण ज्या सूचनेमागे परिणाम नाही ती फायलीत पडून राहते. दूरच्या तळांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे: यंत्राची तपासणी उपलब्ध होईपर्यंत अशा सैनिकावरील कारवाई स्थगित ठेवावी, एवढी दुरुस्ती नियमात व्हायला हवी.