एकच भाव

धंद्यात सचोटी पाळली की ताण वाढतो, श्रद्धा रविवारपुरती ठेवलेली बरी, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. सुरुवातीला ताण वाढतो हे खरंच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) दुकानदारांचं उदाहरण घ्या. ‘तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं’ हे येशूचं वचन त्यांनी थेट गल्ल्यावर आणलं. वस्तूचा भाव एकच, घासाघीस नाही. या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने लिहून ठेवलंय की आधी गिऱ्हाइकं तुटली, काहींची पोटापुरतीही कमाई होईना. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी फसवणूक होत नाही, आणि गर्दी वाढली. दिवसभर कोणाला काय भाव सांगितला हे डोक्यात ठेवायची कटकटच नाही! (आपल्याकडे भाजी घेतानाही केवढी कसरत असते.)

अर्थात सगळं सोपं झालं नाही. त्याच वचनामुळे ते कोर्टात शपथ घेत नसत, म्हणून कित्येक तुरुंगात गेले. 1662 मध्ये त्यांच्याविरुद्ध खास कायदाच झाला. शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा मिळाली ती 1696 च्या सुमारास.