ग्रीक बेटांवरची छोटी, उंची हॉटेलं : तुमचे अनुभव लिहा

पुणे

ग्रीसला जाऊन आलेली मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. ओळखीत कुणी निघालं की प्रश्न ठरलेला: दहा-बारा खोल्यांच्या त्या महागड्या हॉटेलात राहावं, की साध्या खोलीत राहून पैसे फिरण्यावर घालवावेत? त्यासाठी हा धागा. बेट कुठलंही चालेल. समुद्र निळा आहे हे फोटोत दिसतंच. खोली कशी होती, माणसं कशी होती, काय खाल्लंत आणि पैसे नेमके कशात वसूल झाले, ते लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही दोघं सँटोरिनीला, इमेरोविग्ली गावात राहिलो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. त्या कुंडाच्या कड्यावर, पाण्यापासून तीनशे मीटर उंचीवर हे गाव आहे. आमची खोली कड्यात आडवी खोदलेली होती. बेटावर इमारती लाकूड नाही, तेव्हा छताला तुळया आणायच्या कुठून? पण ज्वालामुखीच्या राखेचा थर कुदळीने खोदता येतो आणि कमानदार खोदला की स्वतःच्या भाराने उभा राहतो. म्हणून लोकांनी घरं बांधण्याऐवजी कोरली. हीच राखेची माती चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट होते. एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या कामाला ती जहाजं भरभरून गेली.

आमच्या हॉटेलच्या व्यवस्थापक बाईंनी पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या इया गावाची गोष्ट सांगितली. तिथे जहाजांचे कप्तान वर, माथ्यावर मोठ्या घरांत राहायचे आणि खलाशी खाली, कड्यातल्या या बिळांत. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात इयाचा मोठा भाग कोसळला आणि कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. १९७० च्या दशकात सरकारी पर्यटन संस्थेने पडकी घरं दुरुस्त करून त्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गरिबांची ती घरं आज बेटावरच्या सगळ्यात महाग खोल्या झाल्या आहेत. हे कळल्यावर मी त्या भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. बाहेर ऊन रणरणत असताना आत एसी न लावता गारवा असायचा. माझे पैसे तिथे वसूल झाले. खोलीपुढच्या खासगी पोहण्याच्या तलावासाठी मात्र जादा मोजू नका: पाणी गार असतं आणि वरच्या वाटेवरून येणारे-जाणारे थेट दिसतात. त्यांनाही आपण दिसतो.

ठाणे

पायऱ्यांबद्दल कुणी लिहिण्याआधी मी लिहितो, कारण आमच्याबरोबर सासूबाई होत्या. कड्यावरच्या हॉटेलांत गाडी दारापर्यंत येत नाही. सामान हॉटेलची पोरं खांद्यावरून नेतात, पण माणसाने चालायचं स्वतःच. बुकिंगच्या आधी सरळ ईमेल करून विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि खोलीपासून नाश्त्याच्या जागेपर्यंत किती? कठडा आहे का? आम्ही विचारलं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की सुंदर दिसणारी ती खोली आईंसाठी नाही. वरच्या ओळीतली, जरा लहान पण सपाटीवरची खोली दिली, तीही कमी पैशांत. नाश्ता रोज आईंच्या दाराशी आणून देत होते. मोठ्या हॉटेलात हे मागावं लागलं असतं.

सँटोरिनीचं मुख्य गाव फिरा, त्याच्या जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या पाचशेहून अधिक पायऱ्यांवर खेचरं-गाढवं असतात. कृपया त्यांच्यावर बसू नका. केबल कार आहे.

फ्रँकफर्ट

आम्ही सँटोरिनी टाळलं आणि हायड्राला गेलो. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीने दोन तासांच्या आत पोचता येतं. बेटावर मोटारी नाहीत, दुचाक्याही नाहीत. धक्क्यावर उतरलो तर आमच्या हॉटेलचा माणूस खेचर घेऊन उभा! बॅगा त्यावर बांधल्या आणि तो पुढे, आम्ही मागे.

घर अठराव्या शतकाच्या शेवटचं, एका जहाजमालकाचं. हायड्राच्या व्यापारी जहाजांनी त्या काळात अमाप पैसा मिळवला आणि १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात तीच जहाजं तोफा चढवून लढली. त्या पैशातून करड्या दगडाचे वाडे उभे राहिले. त्यांतला कुंदुरियोतिस घराण्याचा वाडा आज संग्रहालय आहे, तो जरूर बघा. आमच्या हॉटेलात खोल्या मोजक्याच. मालकीणबाई सकाळी स्वतः अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबलं लावायच्या. मुलीला दूध चालत नाही हे त्यांना एकदाच सांगितलं, पुन्हा आठवण करावी लागली नाही. वाळूचा किनारा हवा असेल तर हे बेट तुमचं नाही; इथे लोक खडकांवरून थेट पाण्यात उतरतात. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपायचो. एंजिनाचा आवाज नसलेलं गाव माझ्या मुलांनी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

नागपूर

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षात पुष्कळ. ईस्टरआधीचा मोठा उपास आणि १ ते १४ ऑगस्ट हा मेरीमातेचा उपास तर घरोघरी ठाऊक. त्यात मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य. त्यामुळे बिनमांसाच्या पदार्थांची मोठी परंपरा तयार झाली आहे. हॉटेलात 'निस्तीसिमा', म्हणजे उपासाचं, काय आहे विचारा, स्वयंपाकघरातल्या माणसाचा चेहरा खुलतो. नुसतं व्हेज म्हटलं की सॅलड मिळतं. मासे नको असतील तर तेही सांगा, कारण झिंगे-माखल्या त्यांच्या उपासाला चालतात.

आम्ही सिफ्नोस बेटावर होतो. तिथे शनिवारी संध्याकाळी छोले, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल मातीच्या भांड्यात घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चहून आल्यावर काढतात. आमच्या हॉटेलच्या बाईंनी आमच्यासाठी शेजारच्या भट्टीत एक भांडं जादा लावलं. हे कुठल्याच मेन्यूकार्डात नव्हतं. सँटोरिनीची फावा म्हणजे आपल्या घट्ट वरणाची सख्खी बहीण, फक्त वर कच्चा कांदा, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि तेल. भरलेले टोमॅटो घेताना मात्र खिमा नाही ना, हे विचाराच.

मुंबई

खर्चाचं सांगतो, कारण ऐनवेळी लोक चिडतात. ग्रीसमध्ये हवामान-संकटासाठीचा कर प्रत्येक खोलीमागे, दर रात्री लागतो. २०२५ पासून पंचतारांकित हॉटेलात एप्रिल ते ऑक्टोबर तो १५ युरो आहे. बुकिंगच्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो, हॉटेलातच भरायचा. वणवे-पुरांच्या नुकसानीसाठी आहे. मी तो आनंदाने भरला.

नाशिक

सँटोरिनीला भूकंप होताहेत ना? आम्ही ऑक्टोबरचं ठरवतोय. जावं का?

मुंबई

२०२५ च्या जानेवारीअखेर सँटोरिनी आणि अमोर्गोस या दोन बेटांच्या मधल्या समुद्राखाली धक्क्यांची मालिका सुरू झाली. सर्वांत मोठा ५.३ तीव्रतेचा, फेब्रुवारीत. शाळा बंद झाल्या, हजारो लोक बेट सोडून गेले. नंतर धक्के ओसरले आणि त्याच उन्हाळ्यात हॉटेलं चालू होती. जमीन ज्वालामुखीची आहे, हलणारच. कड्याच्या अगदी टोकावरची खोली नको वाटत असेल तर आतल्या बाजूला, पिर्गोस गावाजवळ राहा. ऑक्टोबर मला पसंत: जुलै-ऑगस्टचा मेल्तेमी वारा तोवर पडलेला असतो आणि समुद्र अजून कोमट. महिनाअखेरीला हॉटेलं बंद व्हायला लागतात, तेवढं बघा. द्राक्षमळे याच काळात निवांत पाहता येतात. वाऱ्यापासून वाचवायला वेली जमिनीलगत गोल टोपलीसारख्या विणलेल्या असतात आणि फळ आत सुरक्षित राहतं.

कोल्हापूर

क्रीटमधल्या हानियाला आम्ही व्हेनिसच्या राजवटीतल्या घरात राहिलो, जुन्या बंदरामागच्या गल्लीत. उंच लाकडी छत, जाड भिंती, सात-आठ खोल्या. नाश्त्याला बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ताजं चीज. खाली गल्लीत रात्री उशिरापर्यंत लोक बोलत बसतात, झोप सावध असेल तर अंगणाकडची खोली मागा. सँटोरिनीच्या एका रात्रीच्या पैशांत इथे आरामात दोन रात्री झाल्या.

गुहागर

सगळं वाचतोय. आमचं जांभ्या दगडाचं जुनं घर आहे, माजघर-पडवीसकट, आणि त्याच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी करायच्या मनात आहे. म्हणून सँटोरिनीला मी खोलीच न्याहाळत होतो. दर्शनी भिंतीत मधे दार, दोन बाजूंना खिडक्या, दारावर आणखी एक झरोका. आतल्या खोलीच्या भिंतीतही तशीच रचना, म्हणजे उजेड मागपर्यंत जातो. दार बुटकं होतं, त्यांनी ते वाढवलं नाही, पाहुण्याला वाकायला लावलं. मागच्या भिंतीला ओल होती. मी विचारलं तेव्हा देखभाल करणाऱ्या काकांनी मला घेऊन जाऊन दाखवलं: सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करत होते, कारण सिमेंटमागे ओल कोंडते आणि चुन्यातून ती बाहेर पडते. आमच्याकडे याच कारणाने दोन भिंती खराब झाल्या आहेत. आता पावसाळा संपला की त्या उकरायला घेतोय.

पुण्याच्या ताई, तुमच्या खोलीत बाथरूम खडकातच कोरलेलं होतं का? तिथे हवा खेळायला काय केलं होतं, ते आठवत असेल तर लिहा. आणि हायड्राच्या वाड्यात राहिलेल्यांनी छताचं सांगा.