हंगामी माणसाचा तास कायम माणसापेक्षा महाग का नको?

उंबरठा (धागा सुरू करताना)

माझं म्हणणं आधीच सांगतो. उद्या कामावर बोलावतील की नाही हे ज्याला ठाऊक नसतं, त्याच्या आजच्या तासाचा दर कायम कामगारापेक्षा जास्त हवा. सारखा नव्हे, जास्त.

बहुतेक ठिकाणी चित्र उलटं आहे. एकाच लाइनवर दोघं उभे असतात. एक कंपनीच्या पेरोलवर, त्याला पगारी रजा आणि बोनस. दुसरा माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर, काम तेच, हातात येणारी रक्कम कमी, आणि ऑर्डर घटली की पहिला फोन त्यालाच. माणूस हवा तेव्हा घ्यायची आणि नको तेव्हा परत पाठवायची मुभा मालकाला मिळते. ही मुभा एक प्रकारचा विमाच आहे. विम्याचा हप्ता ज्याला संरक्षण मिळतं त्याने भरायचा असतो. इथे तो हप्ता कामगाराच्या पगारातून जातो.

हे होऊ शकतं, कारण काही देशांत ते होतं आहे. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल कामगाराला पगारी वार्षिक रजा नसते. त्या बदल्यात तासाच्या दरावर साधारण २५ टक्के जादा मिळतात. फ्रान्समध्ये एजन्सीमार्फत घेतलेलं काम संपलं की मिळालेल्या एकूण पगाराच्या १० टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते, पण त्याच ठिकाणी लगेच कायम नोकरी दिली तर ती द्यावी लागत नाही. ही तरतूद मला फार आवडते. कायम करणं स्वस्त आणि सोडून देणं महाग, एवढा साधा हिशोब तिने मालकापुढे ठेवला आहे. आणि फ्रान्समध्ये एजन्स्या बुडाल्या नाहीत, तिथला हा धंदा आजही मोठा आहे.

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने एजन्सीच्या कामगाराला थेट भरती झालेल्यांइतकीच मूळ वागणूक द्यायला सांगितलं. ते चांगलंच झालं. पण अनिश्चिततेची किंमत त्यातही धरलेली नाही.

ताळेबंद

असहमत. मी बरीच वर्षं एका स्टाफिंग कंपनीत, म्हणजे अशाच एजन्सीत, बिलिंग बघतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

क्लायंटला जातं त्या बिलात कामगाराचा पगार, कायद्याने भरायची देणी आणि आमचं मार्जिन असतं. लोकांना हे मार्जिन गडगंज वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या क्लायंटकडे आता सगळ्या एजन्स्या सांभाळणारी एक वेगळीच कंपनी बसलेली असते, तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, आणि तीही प्रत्येक तासावर आपला टक्का कापते. दर पाडायची स्पर्धा तिथेच सुरू होते.

तुम्ही म्हणता तसा दर सक्तीने वाढवला तर क्लायंट जादा पैसे मोजेलच असं नाही. तो माणसं मागवणं थांबवेल आणि पूर्ण कामच 'सेवा' म्हणून बाहेर देईल. पॅकिंगला वीस माणसं द्या असं न म्हणता महिन्याला इतके खोके पॅक करून द्या म्हणेल. मग शेजारी तुलना करायला कायम माणूसच उरत नाही. समान की जास्त, हा प्रश्नच संपतो. ॲपवाल्यांनी तर याच्याही पुढे जाऊन कामगाराला 'स्वतंत्र व्यावसायिक' ठरवलं.

दुसरं म्हणजे, ज्याच्याकडे अनुभव नाही, ओळख नाही, मधे चार वर्षं घरी बसावं लागलं आहे, त्याला दार आम्हीच उघडतो. ते दार महाग केलंत तर बाहेर कोण राहील याचा विचार करा.

पायवाट

मी आपखुशीने कंत्राटी आहे. आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा कायम नोकरी सोडली. आता सहा महिने काम आणि दोन महिने घर असं चालतं. कायम करतो म्हणाले तरी आज नको म्हणेन. आम्हाला सरसकट बिचारे ठरवू नका एवढंच सांगायचं होतं.

मात्र एक कबूल करते. मला जादा दर मिळतो तो माझ्या कौशल्याची माणसं कमी आहेत म्हणून, कायद्यामुळे नाही. गोदामात शिफ्ट करणाऱ्याला माझ्यासारखी घासाघीस करता येत नाही.

गणिती

'दार उघडतो' हे वाक्य या धंद्यात कायम ऐकू येतं, म्हणून त्याबद्दल थोडं. डेव्हिड ऑटर आणि सुसान हाउसमन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधल्या सरकारी मदतीवरच्या लोकांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना थेट नोकरी मिळाली त्यांची पुढची कमाई टिकाऊपणे वाढली. ज्यांना एजन्सीमार्फत काम मिळालं त्यांची तशी वाढली नाही. एका शहराचा अभ्यास सगळ्या जगाला लावू नये, पण दार आहे म्हणून त्यापुढे पायऱ्याही असतील हे गृहीत धरता येत नाही.

आणि फटका आधी कोणाला बसतो ते पाहा. जपानने २००४ मध्ये कारखान्यांत एजन्सीचे कामगार घ्यायला परवानगी दिली. २००८ ची मंदी आली तेव्हा तेच सगळ्यात आधी काढले गेले, आणि कंपनीच्या वसतिगृहात राहत असल्याने अनेकांचं काम आणि छप्पर एकदमच गेलं. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत त्यांच्यासाठी तंबू टाकावे लागले. अमेरिकेतही २०२२ नंतर दोनेक वर्षं एकूण रोजगार वाढत असताना एजन्सीच्या कामगारांची संख्या घटत राहिली. हवापालट आधी त्यांनाच जाणवतो.

बदली नंबर

सहा वर्षं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर होतो. अकरा महिने झाले की 'ब्रेक'. महिनाभर घरी, मग तोच गेट, तीच हजेरी, फक्त जॉइनिंगची तारीख नवी. कागदावर मी सहा वेळा नवा माणूस होतो. कायम झालेल्या तिघांना ते मशीन मी शिकवलं.

पगाराचं दुःख होतंच, पण एक गोष्ट जास्त लागली. एकदा आग लागल्याचा सराव झाला. सगळे मैदानात उभे, सुपरवायझर यादी वाचतोय. माझं नाव आलंच नाही, कारण ती यादी कंपनीच्या पेरोलची होती. मी आत राहिलो असतो तरी त्यांची मोजणी पूर्णच भरली असती.

ताळेबंद

बदली नंबर, यादीचं जे घडलं ते कुठल्याही हिशोबात बसवता येत नाही. त्यावर वाद घालणार नाही.

पण ब्रेक कुठून येतो तेही बघायला हवं. मायक्रोसॉफ्टवर तिथल्या वर्षानुवर्षं 'तात्पुरत्या' राहिलेल्यांनी खटला भरला आणि २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वर्षी तिथे नवा नियम आला: एजन्सीच्या माणसाने वर्षभर काम केलं की १०० दिवस बाहेर. जर्मनीने २०१७ पासून एकाच ठिकाणी १८ महिन्यांची मर्यादा घातली. तीन महिन्यांहून जास्त खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नियम कडक करा, लोक कॅलेंडर बघून वागतात. स्पेनने २०२१ च्या शेवटी तात्पुरत्या करारांवर टाच आणली, त्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पण त्यातले कितीतरी जण आता 'कायम पण हंगामी' अशा करारावर आहेत, म्हणजे हंगाम नसताना घरीच.

उंबरठा

ताळेबंद, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! मर्यादा आली की ब्रेक येतो, कारण ब्रेक फुकट असतो. म्हणूनच मी दिवस मोजत नाही, किंमत लावा म्हणतो. प्रत्येक ब्रेकच्या आधी १० टक्के मोजावे लागले असते तर सहा वेळा कोणी दिला असता?

स्पेनबद्दल मात्र घाई करू नका. हंगामी असला तरी त्या कामगाराला पुढच्या हंगामात परत बोलावण्याचा हक्क असतो. बदली नंबरकडे तो नव्हता.

खोके मोजून काम बाहेर देण्याचा तुमचा मुद्दा मला अडवतो, हे मान्य. एकाच छपराखाली, त्याच कंपनीच्या मशीनवर आणि तिच्या सुपरवायझरच्या हुकुमाने जो काम करतो तो तिचाच कामगार धरावा, असं मला वाटतं. काम खरोखर दुसऱ्या छपराखाली गेलं तर त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

ताळेबंद

मग बदली नंबरनाच विचारतो. पाव हिस्सा जादा द्यावा लागला असता तर तुम्हाला त्या कारखान्याने घेतलं असतं का? खरं सांगा.

बदली नंबर

पहिल्या वर्षी बहुधा नसतं घेतलं. तेव्हा मला काही येत नव्हतं आणि गेटवर माझ्यासारखे चाळीस जण होते.

तिसऱ्या वर्षी घेतलंच असतं. तोवर ते मशीन बिघडलं की रात्री मलाच फोन यायचा, ब्रेकमध्ये घरी असलो तरी.