व्हॅलेन्सिया (स्पेन): चौघी मैत्रिणींचा वीकेंड, एक शाकाहारी. सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या आम्ही चौघी मैत्रिणी जूनच्या दुसऱ्या वीकेंडला व्हॅलेन्सियात भेटतोय. दोघी जर्मनीहून, एक नेदरलँड्सहून विमानाने आणि एक माद्रिदहून रेल्वेने. शुक्रवारी रात्री पोचणार, रविवारी संध्याकाळी परत. बार्सिलोना मुद्दाम टाळलं, कारण धावपळ नको, निवांत गप्पा हव्यात. समुद्र हवा, चांगलं जेवण हवं. एकजण शाकाहारी आहे. अंडं चालतं, मांस-मासे अजिबात नाही. पाएया हा मांस-मासे घातलेला भात या गावाचाच, मग तिने काय खायचं? आणि राहायचं कुठे, समुद्राजवळ की गावात?

दर्यावर्दी
इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गावात राहा, रुसाफा भागात. समुद्रावर बस-ट्रामने सहज जाता येतं. विमानतळावरून ३ आणि ५ नंबरची मेट्रो थेट गावात येते. उशिरा उतरणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

बाकी सगळं शनिवारच्या दुपारच्या जेवणाभोवती आखा. इथे भात दुपारी खातात. रात्री फोटोंच्या पाट्या लावलेल्या हॉटेलात मिळणाऱ्या पाएयाच्या नादी लागू नका.

सकाळी मेर्कादो सेंट्राल बघा. १९२८ साली सुरू झालेली ही मंडई रविवारी बंद असते, म्हणून शनिवारच. फिरून झालं की तिथेच किंवा आसपास ‘आल्मुएर्सो’ करा. न्याहारी आणि दुपारच्या जेवणाच्या मधलं हे खाणं: मोठा पाव, सोबत ऑलिव्ह आणि खारे दाणे. शाकाहारी मैत्रिणीला बटाटा-अंड्याच्या तोर्तिय्याचा पाव मिळेल. पोट भरू नका मात्र!

मग बसने एल पाल्मारला जा. आल्बुफेरा सरोवराकाठचं हे गाव, आजूबाजूला भातखाचरं. जूनमध्ये खाचरात पाणी आणि त्यात कोवळी हिरवी रोपं असतात, कोकणातल्या माणसाचे डोळे निवतात. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे वाल आणि केशर. कोळंबी-शिंपल्यांचा पाएया वेगळा. कढई टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि जो तो आपल्या बाजूने चमच्याने आत आत खात जातो. तळाशी धरलेली खरपुडी, म्हणजे सोक्काराट, शेवटी खरवडून खायची. ती सोडून उठलात तर मला वाईट वाटेल.

जेवण झाल्यावर सरोवरात होडीने फेरी मारा आणि परतीच्या वाटेवर एल सालेरला उतरा. सरोवर आणि समुद्र यांच्या मधे पाइनचं रान, वाळूच्या टेकड्या, पलीकडे लांबलचक किनारा. शहरातल्या माल्वारोसा किनाऱ्यापेक्षा मला हाच आवडतो. उजेड नऊनंतरही असतो, गप्पांना भरपूर वेळ.

खवय्या_नाशिककर
शाकाहारी मैत्रिणीबद्दल: ‘पाएया दे वेर्दुरास’, म्हणजे भाज्यांचा पाएया, बहुतेक ठिकाणी मिळतो, पण रस्सा कशाचा हे विचारलंच पाहिजे. कधी कधी भाज्यांच्या भातालाही कोंबडीचं किंवा मासळीचं पाणी वापरतात. ‘काल्दो दे वेर्दुरास?’ (भाज्यांचा रस्सा?) एवढंच विचारा. माझी बायको शाकाहारी आहे, आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारतो आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. पाएया बहुधा किमान दोघांसाठी करतात. तुम्ही चौघी आहात ते बरंच: एक कढई भाज्यांची, एक मांसाची, चमचे वेगळे.

आणि ओर्चाता प्याच. चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात. दूध अजिबात नसतं, गारेगार आणि गोड. सोबत फार्तोन हा लांबट गोड पाव बुडवून खायचा. आल्बोराया गावात जाऊन प्या, मेट्रो जाते.

अबोली
रविवारी तुरिया बाग, सायकल भाड्याने घेऊन! सोबत लहान मुलं होती तरी आम्हाला जमलं.

रानजाई
केवढी छान माहिती, मनापासून आभार. अबोली, तुरिया म्हणजे नदी ना? नदीत बाग?

दर्यावर्दी
नदीचं जुनं पात्र. १९५७च्या पुरात शहर बुडालं, माणसं गेली. मग नदी दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवली. कोरड्या पात्रात हमरस्ता करायचं घाटत होतं, लोकांनी विरोध केला आणि आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. २०२४च्या ऑक्टोबरातल्या भीषण पुरात दक्षिणेकडची गावं उद्ध्वस्त झाली, पण नव्या पात्रामुळे मूळ शहर वाचलं. जुन्या पुलांखालून सायकलने जाताना हे आठवतंच. बागेच्या शेवटाकडे वास्तुविशारद कालात्रावाच्या पांढऱ्या इमारती आहेत. त्या बाहेरूनच बघा, दोन दिवसांत तिकिटं काढून आत शिरू नका. त्यापेक्षा मंडईसमोरच्या ला लोंखा या रेशीमबाजारात जा. पीळ घातलेले उंच दगडी खांब बघून मी अजूनही थांबतो.

पाल्मारचं टेबल मात्र आत्ताच फोन करून घ्या. शनिवारी-रविवारी शहरातली कुटुंबंच्या कुटुंबं तिथे जेवायला येतात. किती जणी, किती वाजता आणि कुठला भात किती जणींसाठी, हे फोनवरच सांगा. दोनची वेळ घ्या. बसच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीचं वेळापत्रकही सोबत ठेवा.