मदत हवी आहे: बामणोलीला तंबूतला मुक्काम

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही सहा जण, त्यात ६८ वर्षांचे बाबा आणि दोन मुलं, साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं ठरवतोय. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी दोन रात्री तंबूत राहायचं आणि मधल्या दिवशी बोटीने पलीकडे जाऊन जंगलातला वासोटा किल्ला करायचा. किल्ला कोयना अभयारण्यात आहे आणि तिथे रात्री राहता येत नाही, म्हणून मुक्काम अलीकडच्या काठावरच. वनखात्याचा परवाना आणि बोट मिळायला सकाळी किती वाजता पोहोचावं? पाण्यालगतची थंडी बाबांना सोसेल, की त्यांच्यासाठी गावात खोलीच घ्यावी? नातवंडांना कोयनेचं जंगल दाखवायची त्यांचीच फार इच्छा आहे. धाकटी सात वर्षांची, तिला वासोट्याची चढण झेपेल का? मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.