प्रतिसाद: रामनदीची सफाई, दर रविवारी

‘कचरा काढून काय उपयोग, पुढच्या पावसात परत येतोच’ असं वर एकाने या सफाईबद्दल म्हटलंय. येतो, खरंय. तरी मी जातो. पुण्याची ही रामनदी खाटपेवाडीला उगम पावते, बावधन-पाषाणवरून वाहत औंधजवळ मुळेला मिळते. एवढ्याशा नदीने 2010 च्या पुरात माणसं नेली. पात्रात भराव आणि कचरा असेल तर पाणी जाणार कुठून?

गेल्या रविवारी सोमेश्वर मंदिराच्या खालच्या अंगाला करंजाच्या मुळांत अडकलेली एक साडी ओढली. गाळाने इतकी जड, की चौघं लागलो. शेवटी कोयत्याने कापली, आणि मागे तुंबलेलं पाणी खळकन वाहिलं.

पोती कमी पडतात. येताना दोन घेऊन या, आणि गमबूट घालाच, काचा फार आहेत.