स्टेक सुरी-काट्याने नीट कसा खायचा? (जर्मनीत क्लायंट डिनर आहे)

रानजाई:
पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने श्टुटगार्टला चाललेय, पहिल्याच आठवड्यात क्लायंटने टीम डिनर ठेवलंय आणि जागा आहे स्टेकहाउस. बीफ खायला माझी हरकत नाही त्यामुळे प्लीज त्यावर चर्चा नको. प्रश्न वेगळा आहे. घरी मटण-चिकन कायम हाताने, हॉटेलात फार तर काटा-चमचा, सुरी घेऊन जेवायची वेळच आली नाही कधी. कुठल्या हातात काय धरायचं, आवाज न करता कसं कापायचं, सगळा स्टेक आधीच कापून घेतला तर चालतं का, आणि वेटर 'कसा हवा' विचारतो तेव्हा काय सांगायचं? समोरच्यांशी कामाचंही बोलायचंय, सगळं लक्ष प्लेटमध्ये अडकायला नको.

नेकारकाठ:
काटा डाव्या हातात दात खाली करून, सुरी उजव्या हातात, आणि जेवण संपेपर्यंत हात बदलायचे नाहीत. खरी गोम पकडीत आहे. मुठीत धरू नकोस. दोन्हींच्या दांड्याचं टोक तळहातात दडलेलं हवं आणि तर्जनी सरळ, एक सुरीच्या पाठीवर जिथे पातं सुरू होतं तिथे, दुसरी काट्याच्या मानेवर. जोर त्या बोटातून द्यायचा, खांद्यातून नाही, मग कोपरं आपोआप अंगालगत राहतात आणि शेजारच्याला लागत नाहीत.

डाव्या कडेपासून सुरू कर. एका घासाएवढी जागा सोडून काटा रोव, सुरी काट्याच्या अगदी लगत ठेव आणि हलक्या हाताने मागेपुढे ओढ. आवाज येतो तो दाबल्यामुळे, मांस एकदम तुटतं आणि पातं प्लेटवर आपटतं. मांसाचे धागे दिसतात, त्यांना आडवं कापलंस तर घास मऊ लागतो. एक घास कापायचा, खायचा, मग पुढचा. सगळा आधी कापला तर लवकर गार होतो, रस वाहून जातो, आणि इथे जर्मनीत तसं लहान मुलांना कापून देतात.

इथल्या काही सवयी: सगळ्यांच्या प्लेट आल्या की कुणीतरी 'गुटन आपेटीट' म्हणतं, त्याआधी सुरू करायचं नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. हात रिकामा असला तरी मनगट टेबलाच्या कडेवर, मांडीवर नाही. आणि उकडलेला बटाटा आला तर जुन्या वळणाची माणसं तो सुरीने कापत नाहीत, काट्याने फोडतात. तरुण मंडळी हे फारसं पाळत नाहीत पण काट्याने फोडलास तर कुणालाच खटकणार नाही.

ह्यूस्टनवासी:
टीममध्ये अमेरिकन कुणी असेल तर त्याचं बघून गोंधळू नका म्हणून लिहितोय. इथे बरेच जण उजव्या हाताने कापतात, सुरी प्लेटच्या वरच्या कडेला ठेवतात, काटा उजव्या हातात घेतात आणि मग घास खातात, दर घासाला हेच. मोकळा डावा हात मांडीवर. ही पद्धतही शिष्टसंमत आहे, जर्मनीत वरचीच वापरा.

तवा_आणि_तंदूर:
हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून 'कसा हवा', म्हणजे किती शिजवलेला हवा, याचं सांगतो. रेअर म्हणजे आतून साधारण 50-52 अंश सेल्सिअस, मीडियम रेअर 55 च्या आसपास, मीडियम 60, वेलडन 70 च्या वर. पहिल्यांदा खाणार असाल तर मीडियम मागवा, मधे गुलाबी असतो पण कापायला सोपा. वेलडन चिवट होतो, त्याला जोर लागतो, म्हणजे तुम्हाला जे टाळायचंय तेच होणार. जर्मनमध्ये पूर्ण शिजलेल्याला 'डुर्ष' म्हणतात, मीडियम तर तसंच सगळ्यांना कळतं. प्लेटमध्ये लाल पाणी दिसलं तर घाबरू नका, ते रक्त नाही, स्नायूतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग असतो तो.

अजून एक, तुम्हाला बोलायचंय म्हणून हे महत्त्वाचं. बोलायला थांबलात तर सुरी आणि काटा प्लेटमध्येच एकमेकांपासून फाकवून ठेवा, उलट्या व्हीसारखे. शेजारी-शेजारी समांतर, दांडे उजवीकडे खाली असे ठेवले की 'झालं माझं', वेटर अर्धा स्टेक उचलून नेईल आणि त्याची चूक नसेल. एकदा टेबलावरून उचललेली सुरी परत टेबलक्लॉथवर ठेवायची नाही. चावता न येणारा तुकडा लागला तर काट्यावर घेऊन प्लेटच्या कडेला ठेवा.

सराव घरीच करा. हाड नसलेलं चिकन ब्रेस्ट जाडच ठेवून तव्यावर भाजा आणि रोज रात्री टीव्ही न लावता घरच्यांशी गप्पा मारत खा. हॉटेलात करायचा तर 2015 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बीफ स्टेक म्हणून मिळतो तो म्हशी-रेड्याचा, थोडा घट्ट असतो, सरावाला उलट चांगलाच.

जुनीपानं:
थोडं अवांतर पण दडपण कमी व्हावं म्हणून लिहिते. टॉमस कोरिएट नावाचा इंग्रज 1608 मध्ये इटलीत फिरला, तिथे लोक मांस कापताना काट्याने धरतात हे त्याला इतकं नवल वाटलं की 1611 च्या प्रवासवर्णनात त्याने ते मुद्दाम लिहिलं, आणि घरी काटा वापरायला लागला तर मित्रांनी चेष्टा केली. म्हणजे इंग्लंडमध्येही तेव्हा मांसाला हातच लागायचा. 1669 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, जेवणाच्या सुऱ्या बोथट गोल टोकाच्या झाल्या त्या तेव्हापासून. म्हणून स्टेक मागवला की दातेरी सुरी वेगळी आणून देतात, ती येईपर्यंत थांब, समोर मांडलेल्या साध्या सुरीने झगडू नकोस.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, उलट्या व्हीचं तर अजिबात माहीत नव्हतं. एक राहिलं, मी डावखुरी आहे. जेवते उजव्या हाताने, आजीने लहानपणापासून तसंच लावलं, पण भाजी चिरते डाव्या. मग काय करू?

नेकारकाठ:
अगं मग तुझं सोपं आहे. सुरी डाव्या हातात, काटा उजव्या, तोंडाकडे रोजचाच हात जाईल. बसल्यावर शांतपणे अदलाबदल करून घे, कुणी काही म्हणत नाही. फक्त वरचं सगळं उलटं वाच, म्हणजे उजव्या कडेपासून कापायला सुरुवात कर, संपल्यावर मात्र दांडे उजवीकडेच ठेव. आणि जमलं तर टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची पकड, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही.